काथाचा रंग

सकाळचे आठ वाजून गेले तरी जीवनचा रंग उतरला नव्हता.

न्हाणीघराच्या दारात लंकाबाईने सगळी हत्यारं ओळीने मांडली होती: लिंबाच्या फोडी, डाळीचं पीठ, नारळाची शेंडी, चुलीतली राख, आणि काहीच जमलं नाही तर म्हणून रॉकेलचं टमरेल. आत तिचा चोवीस वर्षांचा मुलगा पाटावर उकिडवा बसला होता आणि दिवाळीच्या आधी पितळेची घागर घासावी तशी ती त्याची पाठ घासत होती. घागर निदान उजळते. जीवन आणखीच शेंदरी होत चालला होता.

"आई, कातडी निघेल आता."

"निघू दे. खालची तरी घरची निघंल."

रंगाचं असं झालं होतं, की स्टेजवरच्या झगझगीत दिव्यांत माणसाचं अंग पिठाच्या गोळ्यासारखं सपाट दिसतं, स्नायूंच्या रेघा उठत नाहीत. म्हणून शरीरसौष्ठववाले अंगाला तपकिरी रंग फासतात. त्याची बाटली मुंबईत मिळते. नाशकाजवळच्या मखमलाबादच्या त्यांच्या मळ्यात मिळतो झेंडू. परवा जीवनने झेंडूच्या पाकळ्या आणि चहाची पूड उकळायला ठेवली, तर रंग अगदीच आजारी निघाला. तिथे त्याचा काका फकिरा पानाचा तोबरा भरून उभा होता. सल्ला द्यायची संधी फकिराने जन्मात वाया घालवली नव्हती. "काथ टाक," तो म्हणाला. "काथासारखा पक्का रंग नाय. माझे दात बघ." दात बघून सगळ्यांना पटलं. मग काथ नीट मिळून येईना, म्हणून त्यानेच वरून नखभर चुना सोडला. काथात चुना पडला की काय होतं हे पान खाणाऱ्याला ठाऊक असायला हवं होतं. पण आपल्या तोंडात काय चाललंय ते कुणाला दिसतं?

काल संध्याकाळी 'जिल्हा श्री'च्या मंचावर जीवन चड्डीवर येऊन उभा राहिला, दिवे लागले, आणि नाट्यगृहातून आरोळी उठली, "बोला बजरंगबली की...!" अख्ख्या नाट्यगृहाने जय म्हटलं. एका पंचाचे हात तर चुकून जोडले गेले.

हे यादवला ठाऊक होतं, कारण तो तिथे होता.

जीवनचा बाप यादव फुलसुंदर घरी सांगून गेला होता की फुलबाजारात हिशेब करायला जातो. गेला तो नाट्यगृहात. मुलगा नागडाउघडा उभा राहतो हे पाच वर्षं नुसतं ऐकलं होतं. एकदा डोळ्यांनी बघू, मग काय ते बोलू, असं त्याने ठरवलं होतं. डोक्याला मफलर गुंडाळून तो शेवटच्या रांगेत बसला. मफलर इतका गुंडाळला होता की शेजारच्या पोराने त्याला विचारलं, "काका, दाढ दुखते का?" मग जय झाला, हशा झाला, शिट्ट्या झाल्या. यादवने मान खाली घातली ती घातलीच. निकालात जीवन पाचवा आला. पहिल्या पाच जणांच्या वडिलांनी मंचावर येऊन मुलाला हार घालायचा, अशी आयोजकांनी नवीनच टूम काढली होती. माईकवर जीवनच्या नावापाठोपाठ 'वडील' शब्द आला, तसा यादव उठला. रांगेतल्या लोकांनी गुडघे आखडून त्याला वाट दिली. तो वाटेच्या शेवटापर्यंत गेला आणि मंचाकडे वळायच्या ऐवजी दाराकडे वळला. बाहेर रिक्षा उभी होती. रिक्षा उभी असते हा काही त्याचा दोष नव्हता.

आता तो ओसरीवर बसून फेटा बांधत होता आणि फेटा तिसऱ्यांदा सुटला होता. दहा वाजता सटाण्याचे पाहुणे जीवनच्या धाकट्या बहिणीची, साधनाची सुपारी फोडायला येणार होते.

"दादा," फकिरा जवळ येऊन हळूच म्हणाला. विहिरीच्या वाटणीवरून भांडण झाल्यापासून तो मोठ्या भावाशी पहिल्यांदाच इतकं गोड बोलत होता. "सटाण्याची माणसं जुन्या वळणाची. जावयाचा मेव्हणा शेंदूर फासलेला बघितला तर उठून जातील."

"मग काय करू? धुऊन निघंना."

"लपव. फुलांच्या खोलीत बसव. गावाला गेला म्हणून सांगू."

घरातल्या लोकांनी ज्या एका गोष्टीवर वर्षभरात एकमत केलं ती ही. लंकाबाईनेही शेंडी खाली ठेवली. कोपऱ्यात खाटेवर बसलेले जीवनचे आजोबा नाथाबाबा तेवढे म्हणाले, "माझ्या तालमीतला गडी लपवायचा म्हंजे लय मोठी खोली पायजे."

"बाबा, तुम्ही आज काहीच बोलायचं नाय," यादव म्हणाला. "जीवनबद्दल तर नायच नाय."

नाथाबाबा जुने पैलवान. पंचवटीच्या तालमीत त्यांनी चाळीस वर्षं लाल माती उकरली आणि त्या मातीत पुढे नाशकातली निम्मी घराणी घोळून निघाली. यादवच्या अंगाला मात्र ती माती कधी चिकटलीच नाही. तो काडीपैलवान राहिला आणि फुलांकडे वळला. जीवन पाचव्या वर्षी आजोबांबरोबर तालमीत गेला आणि एकोणिसाव्या वर्षी तालमीतून जिममध्ये. घरात तेव्हा पहिलं वादळ झालं. कुस्तीला शरीर कमवणं वेगळं आणि शरीर दाखवायला शरीर कमवणं वेगळं, असं यादवचं म्हणणं. त्यावर जीवनने जेवताना सगळ्यांना इतिहास ऐकवला होता. नव्वद-पंच्याण्णव वर्षांपूर्वी सँडो नावाचा एक जर्मनीकडचा बलवान हिंदुस्थानात येऊन गेला. त्याने जुन्या दगडी पुतळ्यांची मापं घेतली आणि स्वतःचं अंग त्या मापांचं केलं. ताकद नुसती वापरायची नाही, बघायची पण गोष्ट आहे, हे त्याने जगाला शिकवलं; लंडनात पहिली मोठी स्पर्धा त्यानेच भरवली. औंधचे महाराजसुद्धा सूर्यनमस्कार घालायला लागायच्या आधी सँडोच्याच पद्धतीने व्यायाम करायचे. "आणि काका, तुम्ही घातलंय ते बनियन त्याच्याच नावाचं आहे."

फकिराने जेवता जेवता खाली बघितलं. पुढचे दोन दिवस त्याने बनियन घातलं नाही. आपण इतकी वर्षं एका उघड्या जर्मनाचं नाव छातीला लावून हिंडत होतो, हे त्याला सहन झालं नाही. नाथाबाबांनी मात्र औंधच्या महाराजांचं नाव ऐकून मान डोलावली होती आणि विषय त्यांच्यापुरता संपवला होता. यादवपुरता तो कधी संपला नाही.

पाहुणे साडेनऊलाच आले. कांद्याचे व्यापारी सहादूशेठ, त्यांची बायको सावित्रीबाई आणि नवरा मुलगा गोरख. सहादूशेठ अंगाने आणि आवाजाने मोठे होते. गोरख दोन्हीने बेताचा. ओसरीवर सतरंजी होती, पाणी आलं, रामराम झाला. यादवने गोरखकडे नीट बघितलं नाही. नवऱ्या मुलाकडे टक लावून बघू नये, एवढंच कारण.

"पोरगा दिसत नाही तुमचा, यादवराव? मागं पण भेटला नही." बसल्या बसल्या सहादूशेठने विचारलं.

"इगतपुरीला गेलाय. कंपनीच्या कामानं."

"बहिणीच्या सुपारीच्या दिवशी?"

"अर्जंट होतं," फकिरा म्हणाला. "घाटात अडकलंय."

"काय अडकलंय?"

"कंपनी," फकिरा म्हणाला.

सहादूशेठने थोडा वेळ विचार केला आणि तो सोडून दिला. मग त्यांचं लक्ष नाथाबाबांकडे गेलं. नाथाबाबा डाव्या हातात बशी धरून चहा ओतून घेत होते. "अरे वा, बाबा! मागं मी एकटाच आलो तव्हा हा हात झोळीत होता. वारं गेलं होतं ना अंगावरून? आता तर बशी हालत पण नही. कोण्या डॉक्टरनं केलं?"

घरच्यांनी आपापल्या कपात बघितलं. कारण तो डॉक्टर या क्षणी आतल्या खोलीत शेवंतीच्या ढिगामागे बसला होता. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी व्यायाम दाखवला होता हे खरं; पण तो करून घेतला जीवनने. रोज सकाळी जिमला जाण्याआधी आणि रोज संध्याकाळी आल्यावर. आधी नुसती बोटं, मग वाळू भरलेली शाम्पूची बाटली, मग दोन बाटल्या. मेल्यासारख्या पडलेल्या त्या हाताला तो म्हणायचा, "चला बाबा, अजून एक," आणि ऐंशीच्या घरातला पैलवान रडत रडत अजून एक मारायचा.

नाथाबाबांनी चहा भुरका मारून संपवला, बशी सरळ धरली आणि म्हणाले, "मला बोलायला बंदी हाय."

"म्हणजे?"

"डॉक्टरांनी," दारातून लंकाबाई घाईने म्हणाली, "जास्ती बोलू नका म्हणून सांगितलंय त्यांना."

"चांगला डॉक्टर आहे," सहादूशेठ म्हणाले. "आमच्याकडं पण पाठवा. आमच्या घरात लय बोलतात." आणि ते स्वतःच मोठ्याने हसले. हसता हसता त्यांना काहीतरी आठवलं. "अरे हां! ती गंमत तर सांगायची राहिली. आम्ही कालच आलो नाशकाला. कांद्याची गाडी येत होती, तिच्यातच बसलो. पंचवटीत मेहुण्याकडं उतरलो, तर त्यानं शरीरसौष्ठवाची पासं आणलेली. काय सांगू यादवराव! एक पोऱ्या आला, हुबेहूब मारुती शे! तसाच शेंदरी! नुसती शेपटी तेवढी आखूड पडली!"

फकिराला हसू आवरेना. भीतीने त्याला नेहमी हसू यायचं. सहादूशेठ हसले, सावित्रीबाई पदराआड हसल्या. सगळे यादवकडे बघायला लागले, कारण ज्याच्या घरी गंमत सांगितली तो हसला नाही तर गंमत लटकत राहते.

यादव हसला. चांगला मोठ्याने हसला. आतली खोली ओसरीला लागून होती आणि मधे भिंत नव्हती, नुसता पडदा होता, हे हसता हसता त्याला आठवलं.

"मी मेहुण्याला विचारलं, हाऊ कोना पोऱ्या शे, कोणाचा?" सहादूशेठ पुढे म्हणाले. "त्याला म्हाइत नही. नाव पुकारलं, तर लोकांच्या गोंधळात ऐकू आलं नही. पण पाचवा आला बरं का. अंग कमावलं होतं पठ्ठ्यानं, रंग सोडला तर. मग पाची जणांच्या बापांना वर बोलावलं, हार घालायला. चौघांचे गेले. एक तर लुंगीवरच गेला. ह्याचा काही आला नही. पोऱ्या हारासाठी मान वाकवून उभा. माईकवाला परत बोलला. पोऱ्या तसाच वाकलेला. शेवटी त्या माईकवाल्यानंच घातला हार." सहादूशेठचा आवाज खाली आला. "मेहुणा म्हणे, बाप मेलेला असंल. मी म्हणलं, मेलेला असंल तर बरं."

"का?" यादवने विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"जिता असून आला नही, तर असल्या माणसाच्या घरचं पाणी पिऊ नये." सहादूशेठने समोरचा तांब्या उचलला आणि ते घटाघटा पाणी प्यायले. "बरोबर का नही?"

"बरोबर आहे," यादव म्हणाला.

साधना पोह्यांच्या बशा घेऊन दारात उभी होती. तिने बापाकडे बघितलं, बशा तशाच घेऊन ती आत गेली. यादव तिच्यामागे गेला; पोहे का परत गेले हे पाहुण्यांना सांगायला फकिरा होताच, आणि फकिरा सांगूही लागला की आमच्याकडे पोहे एकदा दाखवून नेतात.

फुलांच्या खोलीत ओल्या गोणपाटांखाली शेवंतीचे ढीग होते. त्यांच्यामध्ये जीवन पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, कॉलरची गुंडी लावून बसला होता. कॉलरच्या वर शेंदरी मान, शेंदरी तोंड. एवढा मोठा माणूस, पण जागा कमी व्हावी म्हणून अंग आखडून बसलेला.

"नाना, मी मागच्या दारानं निघून जाऊ का?" तो हळू आवाजात म्हणाला. "पाहुणे हात धुवायला मागं आले तर पंचाईत व्हायची."

"बस. कोण येत नाय."

"रंग माझ्याच मूर्खपणानं झाला. काकांना बोलू नका." मग म्हणाला, "तुम्ही आला नाहीत तेच बरं झालं, नाना. फार हसत होते लोक. तुम्हाला कसंतरी झालं असतं."

यादवने शेवंतीचं एक फूल उचललं, त्याच्याकडे बघितलं आणि परत ठेवलं. पोरगा रागावला असता तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं. हा उलट बापाचीच समजूत घालत होता.

"मी पाटावर बसणार नाही," साधना म्हणाली. "दादा पाठीशी उभा राहिल्याशिवाय मी बसणारच नाही."

"बस गं," जीवन म्हणाला. "माझ्यापायी मोडायचं का?"

"तू गप रे, मारुती." तिचे डोळे भरले होते. "नाना, तुम्ही हसलात ना मघाशी? मी ऐकलं. यानं पण ऐकलं."

यादव मागच्या दाराने बाहेर पडला. हौदापाशी गोरख एकटाच उभा होता. पाण्याखाली हात धरून तो कितीतरी वेळ धूत होता; हातांना काही लागलेलं दिसत नव्हतं.

"मामा," तो म्हणाला, "दाढ कशी आहे?"

मफलर. शेजारचा पोरगा. त्याने आपल्या पुडीतल्या शेंगा पुढे केल्या होत्या आणि यादवने घेतल्याही होत्या. मंचावर जीवन आला तेव्हा त्याने विचारलं होतं, 'काका, ओळखीचा आहे का?' आणि यादव म्हणाला होता, 'कोण जाणे कोणाचा.'

"पास कमी होते, म्हणून मी मागं बसलो," गोरख म्हणाला. "सकाळी तुमच्या दारात पाऊल टाकलं तेव्हाच ओळखलं. आणि आत पडद्याखाली पाय दिसले. शेंदरी."

"वडलांना सांगितलं?"

"नाही. अण्णांना मी कशाला सांगू?" गोरखने हात झटकले. "मी पण करतो व्यायाम, मामा. सटाण्याला आमच्याकडं जिम नाही, एका वस्तादाच्या शेडमध्ये गाडीच्या चाकांत सळई घालून उचलतो."

यादवने त्याच्या दंडाकडे बघितलं. व्यायामाचा पुरावा दिसण्यासाठी भिंग लागलं असतं.

"दिसत नाही, माहिती आहे," गोरख शांतपणे म्हणाला. "मला गुटख्याची सवय होती. अण्णांना वाटतं देवाच्या नवसानं सुटली. आमचा वस्ताद पुडी दाराबाहेर ठेवायला लावायचा. घाम गाळून बाहेर आलं की ती उचलायची लाज वाटायची. एक दिवस नाही उचलली. बस, एवढंच." त्याने हात शर्टाला पुसले. "काल तुम्ही उठलात तेव्हा मी गुडघे बाजूला घेतले. मला वाटलं, मंचावर चाललात. टाळी वाजवायला हात पण वर केले होते मी."



"मी बोलणार नाही कुणाला," गोरख म्हणाला. "पण उद्या साधनाला काय सांगू? तिच्या घरात मी आलो तो ही गोष्ट खिशात घेऊन?"

ओसरीवरून फकिराची हाक आली. मुहूर्त झाला होता.

पाट मांडला होता. नाथाबाबा सुपारी आणि अडकित्ता घेऊन बसले होते. घरात सर्वांत थोरले तेच. फुलसुंदरांच्यात सुपारी फुटताना मुलीच्या पाठीमागे तिचा भाऊ उभा राहतो, तिच्या खांद्यावर हात ठेवून. सासरी काही कमीजास्त झालं तर मागे माणूस आहे, हे समोरच्यांना दिसावं म्हणून.

साधना पाटाशेजारी उभी राहिली. बसली नाही.

"बस बेटा," सहादूशेठ म्हणाले.

"पाठीला कोण?" नाथाबाबांनी विचारलं. बंदी मोडून विचारलं.

"मी हाय की," फकिरा पुढे सरकला. "चुलता म्हंजे बापाच्या जागी, बाप म्हंजे भावाच्या... म्हंजे एकूण मीच."

साधना तशीच उभी. नाथाबाबांनी अडकित्ता खाली ठेवला. सावित्रीबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. सहादूशेठने आधी पाटाकडे, मग पोरीकडे, मग यादवकडे बघितलं, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला. "यादवराव, पोरीला मंजूर नसंल तर आत्ताच सांगा. तोंड लपवून सोयरीक होत नही."

लंकाबाई दारातून यादवला डोळ्यांनी खुणावत होती: काहीतरी सांगा. सकाळपासून सांगितलेलं सगळं खपलं होतं, एक अजून खपलं असतं. मुलीच्या पायाला मुरगळ आलीय असंही चाललं असतं. गोरख जमिनीकडे बघत होता.

यादव उठला. पडदा बाजूला केला, आत गेला आणि जीवनच्या मनगटाला धरून त्याला बाहेर घेऊन आला. मनगट त्याच्या मुठीत मावत नव्हतं. ओसरीवर उजेड होता. त्या उजेडात जीवन इतका शेंदरी दिसला की सावित्रीबाईंचे हात आपोआप कपाळाकडे गेले आणि अर्ध्यावर थांबले.

"हा जीवन," यादव म्हणाला. "माझा मुलगा. इगतपुरीला गेलेला नाय. काल तुम्ही बघितला तो हाच." त्याने मनगट सोडलं नाही. "आणि त्याचा बाप मेलेला नाय. शेवटच्या रांगेत बसला होता. नाव घेतलं तसा उठून पळाला."

फकिराने डोळे मिटून घेतले, जणू आता काहीतरी फुटणार होतं. काहीच फुटलं नाही. सहादूशेठ रिकाम्या तांब्याकडे बघत राहिले.

"पाणी तर मी पिऊन बसलो," ते म्हणाले. मग जीवनकडे न बघताच म्हणाले, "आणि बेटा, सगळ्यांत मोठ्यानं मीच हसत होतो. तिथं पण आणि इथं पण."

जीवन त्यांचं ऐकत नव्हता. तो बापाकडे बघत होता. त्याचा चेहरा लाल झाला की पांढरा पडला हे कळायला मार्ग नव्हता. काथ पक्का होता.

"तुम्ही आला होतात?"

"हां."

"शेवटच्या रांगेत?"

"हां."

जीवनच्या मनात काय चाललंय याचा अंदाज ओसरीवरच्या सगळ्यांनी आपापल्या परीने केला आणि सगळ्यांचाच चुकला. "नाना," तो म्हणाला, "तिथून पाठ दिसत होती का? मी पाठीवरच सगळी मेहनत घेतली होती वर्षभर. पंच जवळ असतात, त्यांना दिसते. पण लांबून उठत होती का पाठ?"

'दिसत होती' म्हटलं असतं तर पोरगं खूश झालं असतं. यादवच्या ओठांवर आलंही होतं.

"नाय बघितली," तो म्हणाला. "मी खाली बघत होतो. तू आल्यापासून जाईपर्यंत."

"हां," जीवन म्हणाला. "मग आता बघा."

त्याने कॉलरची गुंडी काढली. लंकाबाई "अरे, अरे, पाहुणे..." म्हणेपर्यंत शर्ट खाली पडला होता. तो सगळ्यांकडे पाठ करून उभा राहिला, मुठी कमरेला टेकवल्या, कोपरं पुढे घेतली, आणि सुपारीच्या पाटासमोर, सटाण्याच्या व्याह्यांच्या देखत, ती पाठ हळूहळू उघडत गेली. सावित्रीबाईंनी पदर डोळ्यांवर ओढला. पदर जुना आणि विरळ होता. गोरख तोंड उघडं टाकून बघत होता.

"श्वास कोंडू नको," खाटेवरून नाथाबाबा म्हणाले. "सोड. सोडून धर."

जीवनने श्वास सोडला आणि पाठ आणखी रुंद झाली.

यादव बघत होता. डोळे वळत होते, ते तो परत आणत होता. लाज गेली नव्हती. पण ती आता त्या उघड्या पाठीची राहिली नव्हती. खांद्यांपासून कमरेपर्यंत उतरत गेलेला एकेक पदर त्याने बघितला. मळ्यातली एखादी सरी किती खोल निघाली, पाणी कुठे अडेल, हे बघावं तसा बघितला. मणक्याच्या दोन्ही बाजूंचे वळ बघितले. लंकाबाईच्या शेंडीचे ओरखडेसुद्धा बघितले. आपल्या घरात, आपल्या ताटात जेवून एवढं काहीतरी उभं राहिलं आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही, असं त्याला वाटलं. आणि पत्ता नव्हता असं तरी कुठे होतं?

"यादवराव," शेवटी सहादूशेठ घसा खाकरून म्हणाले, "आमच्याकडून मंजूर शे. पोऱ्याला म्हणा हात खाली घे, दमला असंल. आणि सुपारी फोडू या, नहीतर अजून काय काय बघावं लागंल."

साधना हसली आणि पाटावर बसली. नाथाबाबांनी अडकित्ता उचलला. जीवन हात खाली घ्यायला निघाला, तसा यादव म्हणाला, "थांब."

तो दोन पावलं जवळ गेला. मुलाच्या पाठीमागे, अगदी जवळ.

"उजवा खांदा खाली आहे," तो म्हणाला. "डाव्यापेक्षा. बोटभर."

नववीत असल्यापासून पहाटेच्या पहिल्या गाडीला फुलांची करंडी लागायची, आणि मळ्यातून रस्त्यापर्यंत ती जीवन उजव्या खांद्यावरून न्यायचा. ओली शेवंती, ओला गुलाब, पाणी गळणारं गोणपाट. खांदा बदल म्हणून त्याला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

जीवन पाठमोराच उभा होता.

"हो," तो म्हणाला. "तिथंच मार्क गेले."